‘एचआर हवाच कशाला?’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातले दोघे तर एचआरमध्येच, म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ विभागातच, काम करतात. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एचआर हा मालकाचा माणूस. वाढदिवसाचे केक कापण्यापलीकडे त्याला काम नसतं. माणूस दोन मिनिटांत ओळखता येतो, त्याला एचआर लागत नाही. उरलंसुरलं काम आता सॉफ्टवेअर करील. आणि तक्रार घेऊन गेलात तर बळी तुमचाच जाईल. म्हणून हा विभागच बंद करा. मी अठरा वर्षं या कामात आहे. तक्रारीचा मुद्दा वाचून मी गप्प झाले, कारण त्यात तथ्य आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

‘मालकाचा माणूस’ यापासून सुरुवात करू. एचआरचा पगार कंपनी देते, तेव्हा एचआर कंपनीचाच. हे लपवण्यात अर्थ नाही, आणि ‘मी तुमचा मित्र आहे’ असं सांगणारा एचआरवाला लोकांना खोटा भरवसा देतो. पण हा विभाग नव्हता तेव्हा काय चालायचं तेही बघा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारखान्यांत माणूस घेणं, काढणं, त्याची मजुरी ठरवणं हे बहुतेक ठिकाणी फोरमनच्या, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाच्या हातात असे. फाटकाशी उभ्या असलेल्या गर्दीतून तो बोट दाखवील तो आत.

१९१३ साली अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात साधारण १४ हजार माणसं टिकवण्यासाठी वर्षभरात ५२ हजारांवर माणसं भरावी लागली. लोक येत होते, काही दिवसांत सोडून जात होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉन ली या अधिकाऱ्याने कामाची पद्धत बदलली. मनाला येईल तेव्हा माणूस काढण्याचा फोरमनचा अधिकार गेला, भरती आणि बदल्या एका स्वतंत्र विभागाकडे आल्या, कौशल्याप्रमाणे मजुरीच्या श्रेणी ठरल्या. पुढे जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला ५ डॉलर जाहीर केले आणि सगळ्यांच्या लक्षात तेवढंच राहिलं. मला ऑक्टोबरचा निर्णय जास्त मोलाचा वाटतो. एका माणसाची मर्जी फिरली म्हणून दुसऱ्याची रोजीरोटी जाणं त्याने अवघड झालं. मला विचाराल तर मनुष्यबळ व्यवस्थापनाचं मूळ काम हेच: मर्जीच्या जागी नियम आणायचा आणि तो सगळ्यांना सारखा लावायचा. त्यात कंपनीचंही हित असतंच, कारण रोज नवा माणूस शिकवणं कुणालाच परवडत नाही.

याच फोर्डने नंतर ‘समाजशास्त्र विभाग’ काढला आणि कामगार दारू पितो का, पैसे साठवतो का, घर नीट ठेवतो का हे बघायला तपासनीस घरोघरी पाठवले. हे काम किती वाकड्या वाटेने जाऊ शकतं याचा दाखलाही तिथलाच.

केकबद्दल. केक दिसतो, बाकीचं काम कागदात असतं. नोकरीला लागताना माणूस वीसेक कागदांवर सह्या करतो, त्यातला एक वारस नेमण्याचा, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते सांगणारा, फॉर्म असतो. पहिल्या दिवसाच्या गडबडीत तो भरला जातो आणि फाइलमध्ये पडून राहतो. लग्न होतं, मुलं होतात, फॉर्म तसाच. आमचा एक सहकारी अचानक गेला. त्याची बायको आणि आई माझ्या टेबलासमोर शेजारी शेजारी बसल्या होत्या. मी फाइल उघडली तर वारस म्हणून नाव वडिलांचं, आणि वडील जाऊन कैक वर्षं झालेली. पुढचे कित्येक महिने त्या दोघी दाखले गोळा करत फिरल्या. तेव्हापासून मी दरवर्षी एकेकाला बोलावून तो फॉर्म त्याच्यापुढे ठेवते आणि म्हणते, ‘नाव मोठ्याने वाचा.’ हे काम कुठल्याही फोटोत येत नाही.

‘माणूस दोन मिनिटांत ओळखता येतो’ हा तर निव्वळ गैरसमज. दोन मिनिटांत कळतं ते एवढंच, की समोरचा आपल्यासारखा बोलतो की नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा आखीव मुलाखतीवरून पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला येतो, असं त्यात दिसलं. २०२२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ही आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा बहुतेक पद्धतींचे आकडे खाली आले, पण आखीव मुलाखत सगळ्यांत वर राहिली. आखीव म्हणजे प्रत्येकाला तेच प्रश्न, गुण कशाला द्यायचे ते आधी ठरलेलं, आणि आपापसांत बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण लिहून ठेवायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण साहेबांना ‘तुमचे गुण आधी लिहा, मग बोला’ असं सांगायला कुणीतरी लागतं.

सॉफ्टवेअरचा मुद्दा लवकर संपतो. अॅमेझॉनने २०१४ पासून अर्ज छाननारी एक प्रणाली तयार करायला घेतली होती. दहा वर्षांतले जुने अर्ज तिला शिकवायला दिले. ते बहुतांश पुरुषांचे होते, त्यामुळे अर्जात ‘महिलांचा’ अशा अर्थाचा शब्द आला की ती गुण कापू लागली. कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला आणि २०१८ मध्ये ही गोष्ट बातम्यांत आली. यंत्र जुन्याच सवयी वेगाने पुढे चालवतं. त्या सवयी तपासायला माणूसच बसवावा लागतो.

आता तक्रार. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुझन फाउलर या इंजिनिअरने उबरमधला अनुभव जाहीरपणे लिहिला. वरिष्ठाने केलेल्या छळाची तिने चॅटच्या पुराव्यासह तक्रार केली, तेव्हा ‘त्याची ही पहिलीच चूक आहे, शिवाय त्याचं काम उत्तम आहे’ असं एचआरने तिला सांगितलं होतं. त्यानंतर झालेल्या चौकशीत वीसवर लोकांना काढलं गेलं आणि जूनमध्ये मुख्याधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याला आलेली चीड खरी आहे. मीही हे जवळून पाहिलंय. एका जुन्या नोकरीत विक्रीप्रमुखाविरुद्ध एका मुलीची तक्रार आली. मी जबाब घेतले, अहवाल लिहिला. ‘सध्या राहू दे’ असं उत्तर आलं, कारण सगळ्यांत जास्त धंदा तोच आणायचा आणि माझा विभागही त्याच्याच हाताखाली होता. दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. तिच्या कागदावर नोकरी सोडण्याचं कारण ‘वैयक्तिक’ असं लिहिलं गेलं, आणि ते मी लिहिलं.

तेव्हा दोष होता रचनेत, आणि माझ्या गप्प बसण्यात. त्यावर उपाय आहेत. एचआरप्रमुखाला थेट संचालक मंडळापुढे जाता यावं. चौकशी समितीत बाहेरचा माणूस असावा. तक्रार लेखी घ्यावी, पोच द्यावी, निकालाची मुदत ठरवावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये १९० क्रमांकाचा करार मंजूर केला, त्यात कामाच्या ठिकाणी हिंसा आणि छळ होऊ न देण्याची जबाबदारी तो करार स्वीकारणाऱ्या देशांवर टाकली आहे, आणि तक्रारदारावर सूड उगवला जाऊ नये यासाठी संरक्षणही सांगितलं आहे. यातली एकेक गोष्ट मागून घ्यावी लागते, भांडून घ्यावी लागते. विभाग बंद करा म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय: तो बंद असता तर त्या मुलीची तक्रार कुणाच्या टेबलावर गेली असती? त्याच विक्रीप्रमुखाच्या.