शिवजयंती वैशाखातच राहू दे, पण चित्ररथ वेळेत काढा

फेब्रुवारी आला की तोच वाद: बेळगावात शिवजयंती अजून वैशाखात का? खरं सांगायचं तर जन्मतिथीच्या वादात वैशाखाची बाजू लंगडी आहे. शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया बखरींमुळे रूढ झाली. लोकमान्यांनी १९१६ साली जेधे शकावली (जेधे घराण्याकडची घटनांची तिथीवार नोंद) उजेडात आणली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० आहे. शिवरायांच्या काळातलं संस्कृत काव्य शिवभारत, तेही तेच सांगतं. महाराष्ट्र सरकारने हीच तारीख धरली.

तरीही उत्सव हलवू नये असंच माझं मत, आणि त्याला कारण शाळेचं आहे. फेब्रुवारीत दहावी-बारावीची पोरं मान वर करत नाहीत. वैशाखात कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी असते, तालमीला गल्लीतली सगळी पोरं मिळतात. बेळगावची शिवजयंती म्हणजे जिवंत देखावे. एका ट्रॉलीवर बारा-पंधरा मावळे लागतात, ते आणायचे कुठून? दुसऱ्याच दिवशी अक्षय तृतीया आणि बसव जयंती, म्हणजे गाव तसंही सणातच असतं.

आता उन्हाळ्याची किंमत. घामाने दाढीमिशा सुटतात, म्हणून डिंक लावण्याआधी कातडी कोरडी पुसून घ्यावी आणि डबी सोबत ठेवावी. वळीव कधीही येतो. पाण्यात कालवलेल्या रंगाचा गड दहा मिनिटांत ओघळतो, थर्माकोलचा बुरूज वाऱ्याने मोडतो. प्लायवूडवर ऑइलपेंट आणि मागून बांबूचे तिरके टेकू, एवढं तरी कराच. जनरेटरवर ताडपत्री हवी, पण गरम हवा बाहेर पडायची बाजू मोकळी ठेवून.

उंचीचं गणित सगळे चुकतात. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून चार फूट, वर दोन फुटांचा मंच, त्यावर दहा फुटांचा पडदा: झाले सोळा. मग वाटेत तारा बांबूने उचलत बसायचं, हे जिवावरचं काम आहे. तेवढ्याच उंचीचा बांबू धरून आदल्या दिवशीच मार्ग चालून यावा. ट्रॅक्टरवाल्याला अर्ध्या क्लचवर रांगू देऊ नका, प्लेट जळते. थांबला की न्यूट्रल.

आणि उशीर. पोलिसांवर खापर फोडणं सोपं आहे, पण हिशोब करा. चाळीस चित्ररथ धरा. चौकात प्रत्येकाने दहा मिनिटं घेतली तर ४०० मिनिटं, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास. तेच प्रसंग चार मिनिटांत बसवला तर तीन तासांच्या आत. त्यात पहिलं मंडळ रात्री दहाला नरगुंदकर भावे चौकात, म्हणजे मिरवणूक सुरू होते तिथे, येणार, कारण आपला रथ गर्दीच्या ऐन वेळी दिसावा अशी प्रत्येकाची इच्छा! मग शेवटच्या रथावरच्या अफझलखानाला पहाटे झोप लागते, आणि वध बघायला उरतात ते फक्त त्याच्याच गल्लीतले पंच.