ड्रॉपडाऊनच्या पोस्टवरच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर: रिपोर्ट का बिघडले आणि तरी मी फील्ड का ठेवणार

नमस्कार, तुमची कॉमेंट काल वाचली, आज परत वाचली आणि मग लिहायला बसले. नंतर येणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. माझी पोस्ट बघून तुम्ही हेल्प डेस्कच्या (तक्रारी घेणाऱ्या विभागाच्या) फॉर्ममधे एकावर एक अवलंबून असणारे ड्रॉपडाऊन लावले, कॅटेगरी निवडली की तिच्याच सबकॅटेगऱ्या दिसतात तसे, आणि आता रिपोर्टमधे कॅटेगरी 'लॅपटॉप' आणि सबकॅटेगरी 'वायफाय लागत नाही' असल्या जोड्या दिसतायत ज्या तुमच्या यादीत कुठेच नाहीत. त्यात लोक सरळ 'इतर' निवडून मोकळे होतात, सातच्या वर पर्याय दिले तर माणसाला झेपत नाहीत, आणि मुळात एक मजकुराचा बॉक्स ठेवला की काम होतं, बाकीचं वर्गीकरण सॉफ्टवेअर करेल, असं तुमचं म्हणणं.

पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि ती चूक माझ्या पोस्टची आहे. एक पायरी मी लिहिलीच नव्हती. काय होतं बघा, माणूस आधी 'नेटवर्क' निवडतो, खाली 'वायफाय लागत नाही' निवडतो, मग त्याच्या लक्षात येतं की अरे हा तर लॅपटॉपचाच प्रॉब्लेम आहे, म्हणून तो वर जाऊन 'लॅपटॉप' करतो. स्क्रीनवर खालची यादी बदलते, सगळं ठीक दिसतं, पण खालच्या फील्डमधली जुनी व्हॅल्यू फक्त लपलेली असते, पुसलेली नसते, आणि सबमिट केलं की तीच तिकिटात, म्हणजे नोंदलेल्या तक्रारीत, जाऊन बसते. लपवणं आणि रिकामं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. काही टूल दोन्ही करतात, काही फक्त पहिलं, आणि फॉर्म स्वतःच्या स्क्रिप्टने बनवला असेल तर दुसरं तुम्हालाच लिहावं लागतं: वरचं बदललं की खालचं रिकामं, त्याच्याही खालचं रिकामं, पार तळापर्यंत. तपासायचं असेल तर फॉर्म भरा, मग वरचं फील्ड बदला, खालच्याला हात न लावता सबमिट करा आणि तिकीट उघडून आत काय सेव्ह झालंय ते बघा. स्क्रीनवर जे दिसतं त्यावर भरवसा ठेवू नका.

आणि हे फॉर्मपुरतं दुरुस्त करून भागणार नाही, कारण तिकीट फक्त फॉर्ममधून येत नाही. ईमेलवरून आलेल्या तिकिटाने तो फॉर्म बघितलेलाच नसतो, त्यामुळे तुमचं 'भरलंच पाहिजे' वालं फील्ड तिथे रिकामं येतं. तिकिटं सोडवणारा एजंट एकदम पन्नास तिकिटं सिलेक्ट करून फक्त कॅटेगरी बदलतो, एखादा ऑटोमेशन रूल (आपोआप चालणारा नियम) वरचं फील्ड बदलतो आणि खालच्याला विसरतो, कोणीतरी जुन्या सिस्टिममधला डेटा इम्पोर्ट करतं. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअरचे इम्पोर्ट विझार्ड तर पिकलिस्टमधलं (ड्रॉपडाऊनचं तिथलं नाव) हे अवलंबित्व बघतच नाहीत. सर्व्हिसनाऊ या टूलमधे एखादं फील्ड सक्तीचं करायला यूआय पॉलिसी (स्क्रीनवरच्या फॉर्मचा नियम) लावली तर ती ब्राउझरमधल्या फॉर्मपुरती चालते, इम्पोर्टला आणि बाहेरून येणाऱ्या रेकॉर्डला तीच सक्ती पाहिजे तर डेटा पॉलिसी वेगळी करावी लागते. म्हणून माझा सल्ला असा की तिकीट सेव्ह झाल्यावर चालणारा एक नियम लावा: ही जोडी यादीत नसेल तर खालचं फील्ड रिकामं कर आणि तिकीट तपासणीच्या रांगेत टाक. फॉर्ममधली यादी माणसाच्या सोयीसाठी आहे, डेटाची राखण या नियमाने होते.

आता जो डेटा बिघडलाय त्याचं काय? तिकिटं एक्स्पोर्ट करा, स्प्रेडशीटच्या पिव्होट टेबलमधे (जोड्या मोजून दाखवणारा तक्ता) कॅटेगरी आडवी आणि सबकॅटेगरी उभी लावा, अशक्य जोड्या लगेच उठून दिसतील. फॉर्मवरून आलेल्या तिकिटात बहुतेक वेळा वरचं फील्ड खरं मानायला हरकत नाही कारण माणसाने शेवटी हात लावला तो त्यालाच, म्हणून खालचं रिकामं करायचं. एजंटने किंवा ऑटोमेशनने बदललेल्या तिकिटांना मात्र हे लागू होत नाही, तिथे तिकिटाची हिस्ट्री बघावी लागेल. आणि अंदाजाने नवीन सबकॅटेगरी भरू नका प्लीज. रिकामी जागा निदान खरं तरी सांगते.

'इतर'बद्दल. लोक आळशी आहेत असं तुमच्या लिहिण्यात जाणवलं आणि इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. साध्या लांब यादीत माणूस वरून खाली नजर फिरवतो आणि आपलं वाक्य कुठेतरी सापडतं, पण अवलंबून असलेल्या यादीत पहिलं वळण चुकलं की बरोबर उत्तर त्याला दिसतच नाही, ते दुसऱ्या फांदीवर असतं. आणि पहिली यादी बहुतेक ठिकाणी कशी बनते, तर आतल्या टीमची नावं ठेवून! 'अॅक्सेस मॅनेजमेंट' म्हणजे काय हे लॉगिन न होणाऱ्या माणसाने का ओळखावं? त्याच्यापुढे 'लॉगिन होत नाही' असं लिहिलेलं पाहिजे. ते तिकीट कोणत्या टीमकडे जाणार हे सिस्टिमने मागच्या बाजूला ठरवायचं.

प्रिंटरचं उदाहरण घ्या. वायफायवरून प्रिंट जात नाही, हे कोणी 'प्रिंटर' खाली शोधेल कोणी 'नेटवर्क' खाली, आणि दोघंही बरोबर आहेत. मग तो पर्याय दोन्हीकडे ठेवा, तर्काला धरून नाही वगैरे विचार करू नका. फक्त आतली ओळख दोन्हीकडे वेगळी द्या आणि रिपोर्ट काढताना दोन्ही एकत्र मोजा. झेनडेस्क या हेल्प डेस्कच्या टूलमधे हे विशेष जपावं लागतं कारण तिथे ड्रॉपडाऊनच्या प्रत्येक पर्यायाला एक टॅग, म्हणजे ती आतली ओळख, असतो आणि तोच टॅग दोन फील्डमधे वापरला की एकाची निवड दुसऱ्यात घुसते. सगळीकडे नुसतं 'इतर' असा टॅग दिला की हा घोळ हमखास होतो. 'नेटवर्क_इतर', 'प्रिंटर_इतर' असं वेगळं ठेवा. दिसणारं नाव नंतर हवं तेव्हा बदला, टॅगला हात लावू नका.

आणि 'इतर' काढून टाकू नका, तुम्ही तसं करणार आहात असं लिहिलंय म्हणून सांगते. काढलं तर लोक यादीतला पहिला पर्याय निवडतील आणि मग खोटा डेटा खऱ्यासारखा दिसेल, ते जास्त वाईट. उलट 'इतर' निवडल्यावरच एक ओळीचा बॉक्स उघडू द्या, 'नेमकं काय होतंय', आणि महिन्यातून एकदा त्या ओळी कोणीतरी बसून वाचा. लोक स्वतःच्या अडचणीला काय म्हणतात ते तिथेच कळतं, आणि पुढचे पर्याय त्याच शब्दांत लिहायचे असतात.

सातच्या नियमाबद्दल थोडंच लिहिते. तो आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरच्या १९५६ च्या लेखातून सगळीकडे पसरला, पण तिथे प्रश्न होता माणूस थोड्या वेळासाठी किती गोष्टी ध्यानात धरू शकतो हा. ड्रॉपडाऊनमधले पर्याय डोळ्यासमोर असतात, ते लक्षात ठेवायचे नसतात. म्हणून सातसात पर्यायांच्या तीन पातळ्या करण्यापेक्षा वीसेक पर्यायांची टाइप करून शोधता येणारी एकच सपाट यादी पुष्कळदा बरी पडते, हे मी मूळ पोस्टमधे ठळक लिहायला पाहिजे होतं. फ्रेशडेस्क हे टूल तीन पातळ्या देतं, जिरा या टूलची कॅस्केडिंग लिस्ट (अशीच अवलंबून यादी) दोन देते, पण टूलने दिल्यात म्हणून सगळ्या भरायच्या असं कुठे आहे? ८ कॅटेगऱ्या, प्रत्येकीखाली ६, त्यांच्याखाली ५ म्हणजे २४० टोकं झाली. त्या २४० पैकी प्रत्येकाचं नाव, टीम, नियम कोणीतरी सांभाळायचाय.

मग मजकुराचा बॉक्सच का नको? बॉक्स ठेवाच, तो मी कधीच काढायला सांगितला नव्हता. पण बॉक्स उलट प्रश्न विचारत नाही. 'लॅपटॉप चालू होत नाही' असं कोणी लिहिलं तर एजंटला मशीनचा नंबर लागतो, लाइट लागते का ते कळावं लागतं, आणि फॉर्मने ते विचारलं नसेल तर एजंट विचारतो, समोरचा मीटिंगमधे असतो, उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, आणि एका प्रश्नात एक दिवस गेला. ड्रॉपडाऊनची खरी किंमत इथे आहे, रिपोर्टमधे नाही. मी एक कसोटी लावते: या फील्डच्या उत्तराने पुढे काही बदलतं का? दुसरी टीम, दुसरा प्रश्न, दुसरी मुदत, काहीतरी. बदलत असेल तर फील्ड राहील. नुसतं 'रिपोर्टला बरं दिसेल' म्हणून असेल तर ते ग्राहकाच्या फॉर्ममधून काढा, लगेच. आणि आपोआप वर्गीकरण करणारं सॉफ्टवेअर तुमच्या तिकिटांवर शिकवायचं तर ते जुन्या तिकिटांवरच्या याच लेबलवरून शिकणार ना, आज तुमची लेबलं 'लॅपटॉप, वायफाय लागत नाही' अशी आहेत.

एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. मी ज्या पहिल्या हेल्प डेस्कवर काम केलं तिथे ड्रॉपडाऊनच्या चार पातळ्या होत्या आणि चारही ग्राहकालाच विचारायचे, आणि तिकीट बंद करताना एजंट तीच फील्ड बदलून खरं कारण भरायचे. त्यामुळे माणूस मुळात काय म्हणाला होता तेच पुसलं जायचं. 'स्क्रीन काळी झाली' असं सांगून आलेली तिकिटं शेवटी 'चार्जर खराब' मधे दिसायची आणि पुढच्या वेळी स्क्रीन काळी झाल्यावर आधी चार्जर बघा हे कोणाला सुचायचंच नाही, कारण ती जोडी कुठे शिल्लकच नव्हती. लक्षण आणि कारण वेगळ्या फील्डमधे ठेवा. लक्षण ग्राहक सांगेल, त्याच्या शब्दांत, एक किंवा फार तर दोन पातळ्यांत. कारण एजंट भरेल, बंद करताना, तिथे हव्या तितक्या पातळ्या ठेवा कारण त्याला त्या पाठ असतात. झेनडेस्कमधे कोणतं फील्ड कधी दिसावं याच्या अटी ग्राहकासाठी आणि एजंटसाठी वेगळ्या लावता येतात, ते याच कामाला वापरा.

अजून एक, ते कोणी विचारलं नाही तरी सांगते. खालचं फील्ड उघडलं की कर्सर आपणहून तिकडे उडवू नका. कीबोर्डवर किंवा स्क्रीन रीडरवर काम करणारा माणूस बाणाने यादीत खाली जात असतो, काही ब्राउझरमधे प्रत्येक बाणाला व्हॅल्यू बदलते, आणि तो तिसऱ्या पर्यायापर्यंत पोचायच्या आत तुम्ही त्याला भलत्याच फील्डमधे नेऊन टाकता. नवीन फील्ड वरच्याच्या लगेच खाली येऊ द्या, तो त्याच्या वेळेने तिथे जाईल.

मूळ पोस्टमधे खालचं फील्ड रिकामं करायची पायरी आणि सेव्ह झाल्यानंतरचा नियम दोन्ही आज घातलंय. तुम्ही पिव्होट केलंत की अशक्य जोड्या कोणत्या आल्या आणि ती तिकिटं फॉर्म, ईमेल की बल्क एडिट (एकदम अनेक तिकिटं बदलणं) यातल्या कशातून आली एवढं इथे टाका, ग्राहकांची नावं काढून. दोन्ही एकत्र बघितलं की भोक कुठे आहे ते सापडेल.