जुन्या वाचकाचा गौरव करू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

पूर्वीचा माणूस वर्तमानपत्र किती मनापासून वाचत असे, या विषयावर बोलण्याचे निमंत्रण आपणांस आलेच असेल. आले नसल्यास लवकरच येईल. ‘दर्पण’ या मराठीतील पहिल्या वर्तमानपत्राचा पहिला अंक 6 जानेवारी 1832 रोजी निघाला आणि तेव्हापासून नसली तरी बरीच वर्षे त्या तारखेच्या आसपास वाचनसंस्कृतीविषयी चिंता व्यक्त करण्याचा प्रघात आहे. अशी व्याख्याने पुष्कळ ऐकली असल्यामुळे ती कशी रचावीत, हे मला आता पाठ झाले आहे. त्यातील युक्त्या आपणांपासून लपवून ठेवणे योग्य नव्हे.

सर्वप्रथम जुना वाचक एकटा बसवावा. त्याला आरामखुर्ची द्यावी, जाड भिंगांचा चष्मा द्यावा आणि मथळ्यापासून शेवटच्या पानाच्या तळाशी असलेल्या मुद्रकाच्या नावापर्यंत तो सर्व काही निमूटपणे वाचतो आहे, असे सांगावे. 1901च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरांतील जेमतेम पाच जणांना लिहिता-वाचता येत होते, ही माहिती मात्र चुकूनही देऊ नये. ती दिली, तर त्या काळच्या बहुसंख्य लोकांनी वर्तमानपत्र वाचले नसून ऐकले, हे कबूल करावे लागते. मग चावडी आली, देवळाचा ओटा आला, टपालाने चार दिवसांनी पोहोचलेला अंक मोठ्याने वाचून दाखवणारे शाळामास्तर आले आणि त्यांना मध्येच थांबवून “म्हणजे काय झालं म्हणता?” असे विचारणारी माणसेही आली. मास्तर पदरची दोन वाक्ये घालून खुलासा करीत, तो कोणाला तरी पटत नसे आणि मूळ बातमी बाजूला राहून वाद जुंपत असे. एवढ्या गर्दीत आपली आरामखुर्ची मोडते.

जुना वाचक नेहमी सभ्य असावा. “तेव्हा मतभेद होते, पण मनभेद नव्हते” हे वाक्य भाषणात किमान एकदा यायलाच हवे. त्यावर टाळ्या हमखास पडतात. गोपाळ गणेश आगरकरांनी 1888मध्ये ‘सुधारक’ काढला. त्यांचे लेखन सोसवेना, म्हणून पुण्यातील लोकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. प्रतिसाद देण्याची ही रीत मनभेदात मोडते की मतभेदात, याचा खुलासा श्रोत्यांपैकी कोणी मागणार नाही, कारण सभेनंतर अल्पोपाहार असतो.

थकलेल्या वर्गणीचा विषय काढू नये.

सत्यशोधकांचा ‘दीनबंधु’ (1877) आणि डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ (1920) हातोहात फिरवून वाचणारी माणसेही जुन्या वाचकांत मोडतात, हे विसरलेले बरे. त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची मांडावी लागते.

वाचकांच्या पत्रांविषयी बोलताना “पूर्वी लोक स्वतःच्या नावाने लिहीत, तोंड लपवत नसत” असे ठणकावून सांगावे. 1848पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ज्या पत्रांनी खळबळ उडवली, ती सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ हे टोपणनाव घेऊन लिहिली होती. ‘शतपत्रे’ म्हणून आपण गौरवतो ती एकूण 108 आहेत, पण मोजायला कोण बसतो! पुढे अच्युतराव कोल्हटकरांनी ‘संदेश’मध्ये वत्सलावहिनींची पत्रे छापली आणि ती लोकांनी चवीने वाचली, वहिनी खुद्द संपादकच होते. असले तपशील सांगितल्यास जुना वाचक आणि जुना संपादक हे दोघेही बिलंदर वाटू लागतात, आणि मानपत्र तर निर्व्यसनी माणसालाच द्यायचे असते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना: जुने अंक कधीही प्रत्यक्ष उघडून पाहू नयेत. हे पथ्य आता आपोआपच पाळले जाईल, अशी व्यवस्था ठिकठिकाणी झालेली आहे. मला 1956च्या सुमारास, संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत, सामान्य वाचक संपादकांना काय लिहीत होते, ते पाहायचे होते. अग्रलेख पुस्तकांत मिळतात, पण वाचकांची पत्रे कोणी पुस्तकात घालत नाही. ती पाहायला दैनिकांचे बांधीव खंडच काढावे लागतात. म्हणून गेल्या महिन्यात मी एका जुन्या वाचनालयात गेलो. तेथील गृहस्थांनी अत्यंत शांतपणे सांगितले की, ते खंड निर्लेखित झाले. निर्लेखित म्हणजे कमिटीने ठराव केला, यादीवर सह्या झाल्या आणि सगळे वजनावर रद्दीत गेले. अभ्यासिकेला जागा हवी होती. “आणि साहेब, नेटवर असेलच की सगळं.” नाही, सगळे नाही! जे मिळते त्यातही पुष्कळदा मधली पाने गायब असतात, आणि पत्रव्यवहार नेमका मधल्या पानांवर असे. टेम्पोत जागा नव्हती म्हणून एक खंड मागे राहिला होता, तो त्यांनी उदार मनाने दाखवला. कोणीतरी ब्लेडने एक छायाचित्र कापून नेले होते, त्यामुळे मागच्या पानावरील एका पत्राचे फक्त “महाशय,” उरले होते आणि त्याखाली चौकोनी भोक होते. पुढच्या एका पानावर मात्र समासात निळ्या पेन्सिलने “साफ खोटे!” असे लिहून खाली तीन रेघा ओढलेल्या होत्या. त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, शाईने, “तुम्ही तिथे होता काय?” असे विचारलेले होते.

वाचनालयाच्या कमिटीतील मंडळींनो, तुमचा जुना वाचक तो हाच. तो आरामखुर्चीत बसलेला नव्हता, निमूट नव्हता आणि सार्वजनिक वाचनालयाच्या अंकावर लिहू नये, हा नियमही पाळणारा नव्हता. त्याने वर्तमानपत्राशी आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या वाचकाशी जे भांडण केले, त्याचा पुरावा तुमच्या कपाटात सहा दशकांहून अधिक काळ पडून होता. तो तुम्ही किलोच्या भावाने विकलात आणि त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर ‘कालचा वाचक, आजचा वाचक’ या विषयावर व्याख्यान ठेवलेत! वक्त्याने आरामखुर्चीचे वर्णन केले. अध्यक्षांनी डोळे पुसले. यादीवर पहिली सही ज्यांची आहे, त्यांनी आभार मानले.

अभ्यासिका हवी होती, हे मान्य आहे. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना जागा मिळायलाच हवी. त्यांच्याविषयी माझी काडीची तक्रार नाही. पण जागा करण्याचा मार्ग रद्दीवाल्याच्याच दारातून जातो, असे तुम्हाला कोणी सांगितले? दुसऱ्या ग्रंथालयाला पत्र टाकता आले असते. विद्यापीठाच्या इतिहास विभागाला विचारता आले असते. काहीच जमत नव्हते, तर निदान वाचनालयाच्या फलकावर आठ दिवस सूचना लावता आली असती. हमालीसकट खर्च सोसून ते खंड घेऊन जाणारी माणसे याच गावात आहेत, आणि त्यांतली काही तुमचीच सभासद आहेत. कमिटीच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एकानेही तोंड उघडले नाही, याची तुम्हाला लाज वाटायला हवी. उरलेल्या त्या एका खंडाचे काय करणार आहात, हे मी लेखी विचारले आहे आणि अजून उत्तर आलेले नाही.