चार्जिंग पॉइंटचा बागुलबुवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सार्वजनिक ठिकाणच्या यूएसबी चार्जिंग पॉइंटला फोन लावला की त्यातली माहिती चोरीला जाते, ही भीती ‘शुद्ध थोतांड’ आहे, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत: ‘एफबीआय सांगते फोन लावू नका, तुम्ही म्हणता खुशाल लावा. उद्या कुणाचं खातं रिकामं झालं तर भरून देणार का?’ तुमचा सवाल रोखठोक आहे, आवडला.

एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या डेन्व्हर कार्यालयाचं, असे पॉइंट टाळा सांगणारं ते ट्वीट एप्रिल २०२३ मधलं. नेहमीच्या सावधगिरीच्या सूचनेसारखं. अमुक ठिकाणी अमुक माणूस लुबाडला गेला, असं त्यात काही नव्हतं. २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयानेही असाच इशारा दिला होता. पत्रकारांनी प्रकरणं विचारली, तर आपल्याकडे एकही नोंद नाही, असं त्याच कार्यालयाने सांगितलं. मग बातम्या एकमेकींच्या हवाल्याने फिरत राहिल्या.

भीती हवेतून आली नाही, हे मात्र मान्य. यूएसबीच्या एकाच वायरीतून वीजही जाते आणि डेटाही. २०११ मध्ये डेफकॉन या हॅकर संमेलनात मुद्दाम असं चार्जिंग यंत्र मांडून ठेवलं होतं आणि हॅकरांनीच त्याला आपले फोन लावले! (दिव्याखाली अंधार, दुसरं काय.) पण तेव्हाचे फोन वेगळे होते. आयफोन २०१३ पासून ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का?’ असं विचारतो. अँड्रॉइडही आता आपण परवानगी देईपर्यंत नुसतं चार्जिंगच करतो.

आणि चोराच्या बाजूनेही बघा ना. सॉकेटमागे यंत्र दडवायचं, पकडले जायची जोखीम घ्यायची, वर कुठला फोन येईल याचा पत्ता नाही. त्यापेक्षा घरबसल्या लाखभर लोकांना खोटी लिंक पाठवणं कितीतरी स्वस्त. खाती रिकामी होतात ती तिथे, ओटीपी सांगून. ‘सॉकेटपासून जपा’ ऐकून निर्धास्त झालेला माणूस त्याच संध्याकाळी आलेली लिंक दाबतो, माझा राग त्यावर आहे.

एका बाबतीत तुम्ही मला पकडलंत. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं की चार्जर कीबोर्डचं सोंग घेऊन ‘परवानगी द्या’ हे बटण स्वतःच दाबू शकतो. आयफोनच्या आयओएस १८.४ या आवृत्तीपासून त्यासाठी पासकोड मागितला जातो, पण वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेल्या फोनला ही ढाल नाही. तसा फोन असेल तर स्वतःचा अडॅप्टर भिंतीच्या प्लगला लावा, नाहीतर पॉवर बँक बाळगा. लेखातला ‘शुद्ध थोतांड’ हा शब्द मी आज काढून टाकला आहे. बाकी लेख आहे तसाच ठेवतोय.