चाकावरचं घर आणि मोठी माय

मे महिन्यात कॅराव्हॅन घेऊन खान्देशात फिरायला जायची आयडिया माझी होती हे आधीच कबूल करतो, कारण नाहीतर बायको खाली कमेंटमध्ये येऊन सांगेलच. २०२१ मध्ये आपल्या सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून माझ्या डोक्यात हा किडा होता. कुठे बुकिंग नको, चेकआऊट नको, झाड दिसलं की थांबायचं, खुर्ची टाकायची, चहा उकळायचा, आठवडाभर नुसतं आरामात. झाड दिसलं की थांबायचं, हे वाक्य मी सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलं की आप्पा वैतागून म्हणाले, "घर सोडीसन घरच संगे लई जानं, मंग घरमा काय वाईट व्हतं?" आप्पा चिडले की अहिराणीत येतात.

गाडी आली, ड्रायव्हरसकट. आत चार बर्थ, छोटा ओटा, फ्रीज, संडास, छतावर AC आणि सोलर पॅनल, मागे वर चढायला शिडी. या शिडीबद्दल नंतर बोलू. भाडं सांगत नाही.

मालेगाव सोडून चाळीसगावकडे वळलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि मला हवं होतं तसं झाड काही दिसेना. म्हणजे झाडं होती, पण प्रत्येक झाडाखाली आधीच एक ट्रॅक्टर, दोन बैल आणि पाच-सहा माणसं झोपलेली. शेवटी उघड्यावरच थांबलो, दार उघडलं आणि तव्यावर पाय ठेवावा तसं झालं. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस, मोठे फोटोग्राफर, १९८९ मध्ये गेले, ते जवळजवळ ५० वर्षं आपल्या बंगल्याबाहेर पडले नाहीत म्हणतात. लोकांना त्यात मोठं गूढ वाटतं. मे महिन्यात दुपारी चाळीसगावात उतरल्यावर मला काही फार गूढ वाटलं नाही.

रस्त्याचं काय सांगू, जिथे काम चालू होतं तिथे रस्ता नव्हता आणि जिथे रस्ता होता तिथे काम चालू व्हायचं होतं. प्रत्येक खड्ड्याला ओट्यावरचं कपाट आपोआप उघडायचं आणि तिखट शेवेचं पाकीट आप्पांच्या मांडीत पडायचं, आणि आप्पा ते परत न ठेवता दोन घास खाऊन घ्यायचे, त्यामुळे एरंडोल येईपर्यंत शेव संपली. एरंडोलजवळ पद्मालय, तिथे उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती आणि समोर कमळांचा तलाव. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी असं इकडे मानतात, आणि जवळच भीमकुंड आहे. गाडाभर अन्न घेऊन भीम निघाला आणि बकासुराकडे पोचेपर्यंत स्वतःच खात बसला. माझ्या मते खान्देशातली पहिली कॅराव्हॅन ट्रिप तीच, आणि आमच्यापेक्षा बरीच यशस्वी, कारण बैलगाडीला AC नव्हता त्यामुळे तो बंद पडायचा प्रश्न नव्हता.

आमचा पडला. म्हणजे त्याचं असं असतं की गाडी थांबली की AC बॅटरीवर जेमतेम दोन-तीन तास चालतो, पुढे बाहेरून लाईट द्यायला लागते. हे आम्हाला गाडी देताना सांगितलं होतं, पण ज्या सुरात विमानात सीटबेल्टचं सांगतात त्या सुरात. मग ठरलं की अमळनेरजवळ आमच्या गावी एक रात्र मोठ्या बाबांकडे, म्हणजे थोरल्या काकांकडे, प्लग लावायचा, बॅटरी फुल करायची आणि सकाळी चोपड्याकडे निघायचं. एक रात्र.

गावात शिरलो तर मागे २० पोरं. पारावर गाडी थांबली तशी एक म्हातारी काठी टेकत आली, दाराच्या पायरीवर बसली आणि डोळे वासून मला म्हणाली, "डोया तपासतस का आठे?" बायकोने आतून डोकं काढलं तर तिला डॉक्टरीणबाई म्हणून नमस्कार. पाच मिनिटांत सहा जणांची लाईन, त्यात एकाची गुडघ्याची तक्रार. आप्पांनी समजावलं की हे फिरायचं घर आहे, आत स्वयंपाक होतो, संडास पण आतच आहे. यावर सगळे एकदम गप्प झाले. मग एक जण हळूच म्हणाला, "सैपाक आनि ते, एकच खोलीमा?" आणि ज्या नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं ती मी अजून विसरलेलो नाही.

रात्री मोठ्या बाबांच्या ओसरीतल्या बोर्डात पिन खुपसली. व्होल्टेज इतकं कमी की AC नुसता हुं हुं करत कण्हायला लागला. शेजारचा पोऱ्या म्हणाला थांबा काका, दुसऱ्या फेजवर टाकतो. टाकलं. AC सुरू झाला, गार हवेची एक झुळूक आली, बायको पहिल्यांदा हसली, आणि डीपीकडून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरकडून, फट्ट असा आवाज आला आणि अर्धं गाव अंधारात. "डीओ गया!" कोणीतरी जवळजवळ आनंदाने ओरडलं. डीओ म्हणजे डीपीवरचा फ्यूज. आता गावातले सगळे कूलर चालूच होते, आमच्यानेच गेला असं काही नाही, पण नाव आमच्या गाडीचं झालं. रागावलं मात्र कोणी नाही. सगळ्यांनी खाटा खळ्यात काढल्या, आम्हालाही दोन दिल्या, आणि खरं सांगतो, इतकी गाढ झोप मला त्या बर्थवर आली नव्हती. गाडीत एकटा ड्रायव्हर झोपणार होता, तोही नंतर पत्ते खेळायला गेला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, इकडे पत्त्यांचा सण; ती होऊन गेली होती, पण पत्त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला, आधी गाडी बघितली, चपला काढून आत गेला, बर्थवर आडवा होऊन बघितलं, चहा घेतला, मग खांबावर चढला. लाईट आली, पण आप्पांनी आमचा प्लग जप्त केला. ठीक आहे म्हटलं, सोलर आहे ना, AC नाही पण पंखे, फ्रीज तरी चालतील, एक दिवस बॅटरी भरू देऊ आणि उद्या निघू. मी मुद्दाम गाडी अंगणात भर उन्हात लावली. सगळं गाव सावली शोधतंय आणि मी ऊन.

संध्याकाळी बघतो तर बॅटरी कालच्यापेक्षा खाली. आमरसाला भाकर नाही, पोळी, तीही खापरावरची, अशी मोठी मायची, म्हणजे थोरल्या काकूची, जेवणं चालू होती म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर कुंई कुंई करायला लागला, फ्रीज बंद, बायकोचं चीज हातात घेतलं तर बोटांमधून गळायला लागलं. गाडीवाल्यांना फोन लावला. तिकडचा मुलगा फार नम्रपणे म्हणाला, "सर, तुमच्याकडे ऊन आहे ना?"

मे महिना. जळगाव जिल्हा. मी उन्हात उभा, चपलेचा तळ डांबराला चिकटलेला, आणि तो विचारतोय ऊन आहे ना. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो तरीही नम्रच. "मग सर, पॅनलवर काही सावली पडतेय का, एकदा वर चढून बघता का?"

शिडीला हात लावला तर हात भाजला. रुमाल गुंडाळून चढलो. वर दोन्ही पॅनलवर मोठ्या बाबांची दोन जुनी धोतरं ताणून पसरलेली, कोपऱ्यांना विटांचे तुकडे, आणि त्यावर ओळीने गोल गोल बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तीळ आणि लाल तिखट दिसतंय, कडा वाळून उचललेल्या. AC च्या डब्यावर पाट उलटा टाकून त्यावर सांडगे. एक इंच जागा मोकळी नव्हती. लसणाचा असा वास सुटला होता की राग यायच्या आधी भूक लागली, एक तोडून खाल्ला, मधे जरासा ओला होता.

खाली मोठी माय कमरेवर हात ठेवून उभी. मला वाटलं ओशाळली असेल. "वर कोंबडं नही, बकरी नही, धूळ नही," ती म्हणाली, "असं ऊन तं माले घरना धाबावर बी भेटत नही. एक दिनमा कडक!" आणि मी बिबडे बघायलाच वर चढलो अशा समजुतीने, "पलटाडी दे रे बेटा, तू चढनाच शे तं." मी मुकाट्याने पलटले. दोन्ही धोतरं. पाऊण तास.

रात्री मी सगळ्यांना जाहीर केलं की उद्या पहाटे निघतो, आधीच दोन दिवस गेले, चोपड्याला उनपदेव बघायचंय. गरम पाण्याचा झरा बघायला मे महिन्यात कोण जातं यावर बायको काही बोलली नाही, तिने बोलणं सोडलं होतं. मोठी माय मात्र कपाळाला हात लावून बसली.

"सकाय कथा जातस? आजून कुरडया बाकी शेतस!"

म्हटलं कुरडया नंतर करा की, गाडी काय, त्याला काय. तर ती उठली आणि माजघरातून पितळी पातेलं आणून माझ्यापुढे ठेवलं. पाण्यात गहू, टपोरे फुगलेले, आंबूस वासाचे, दाबला तर चीक बाहेर येत होता. आता कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवायला लागतात. मी बोटं मोजली. आम्ही गावात शिरलो, म्हातारी डोळे तपासायला पायरीवर बसली, त्याच संध्याकाळी हे गहू पाण्यात पडले होते.