‘सगळं रजिस्ट्रीतच तर आहे’ म्हणणाऱ्या वाशीच्या सरांना

सर, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की ग्रुप पॉलिसीवर (विंडोजच्या सेटिंग्ज सक्तीने ठरवून द्यायची सोय) मी उगाच एवढं लिहिलं, शेवटी सगळं रजिस्ट्रीतच (विंडोजच्या सेटिंग्जचा डेटाबेस) जातं, एक रेग फाईल (रजिस्ट्रीत नोंदी टाकणारी छोटी फाईल) डबल क्लिक केली की काम झालं. अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यातच ऑफिसवाले अडकतात म्हणून सविस्तर लिहितोय.

जीपीएडिटमध्ये, म्हणजे ग्रुप पॉलिसीच्या एडिटरमध्ये, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स या विभागातली एखादी पॉलिसी एनेबल केली की ती रजिस्ट्री डॉट पॉल नावाच्या फाईलीत नोंदवली जाते आणि तिथून विंडोज ती रजिस्ट्रीत उतरवतं, बहुतेक करून सॉफ्टवेअरखालच्या पॉलिसीज की मध्ये (की म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डर, त्यातली नोंद म्हणजे व्हॅल्यू). जीपीएडिट तुम्हाला दाखवतं ते त्या पॉल फाईलीतलं, रजिस्ट्रीतलं नाही.

आता वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात काय झालं बघा. कुणीतरी रेग फाईलने नोऑटोअपडेट (आपोआप अपडेट बंद करणारी नोंद) ची व्हॅल्यू 1 करून ठेवलेली, अपडेट बंद, सेटिंग्जमध्ये ‘तुमची संस्था हे मॅनेज करते’ टाईपचा मेसेज, आणि जीपीएडिट उघडलं तर नॉट कॉन्फिगर्ड, म्हणजे काहीच ठरवलेलं नाही! नवीन आलेला पोरगा डोमेनमध्ये (ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर एका सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) शोधत बसला, डोमेनमध्ये काहीच नव्हतं. अशावेळी तीच पॉलिसी एकदा एनेबल करून अप्लाय करायची आणि मग परत नॉट कॉन्फिगर्ड करायची, व्हॅल्यू निघून जाते. आणि हो, डिसेबल्ड म्हणजे नॉट कॉन्फिगर्ड नव्हे, डिसेबल्ड हासुद्धा एक हुकूमच आहे, बऱ्याचदा तिथे 0 लिहिला जातो.

जुन्या विंडोज एनटी 4 मध्ये पॉलिसी काढली तरी व्हॅल्यू गोंदल्यासारखी चिकटून राहायची. विंडोज 2000 पासून पॉलिसीज की मधल्या व्हॅल्यू पॉलिसी काढली की आपोआप जातात, आणि साध्या युजरला तिथे लिहिताही येत नाही. तुमची रेग फाईल मात्र तोच जुना त्रास परत आणते, कारण व्हॅल्यू कुणी आणि का टाकली याची नोंदच कुठे नसते.

शिवाय ‘सगळं’ही नाही हो. पासवर्डची किमान लांबी सॅममध्ये (युजर अकाउंट्सचा वेगळा, बंदिस्त डेटाबेस) जाते, ते रेग फाईलने बदलायचं प्रकरण नाही.

होम एडिशनमध्ये जीपीएडिट येतच नाही, तिथे रेग फाईल वापरावी लागते हे मान्य. फक्त तिच्यासोबत उलटी फाईल पण बनवून ठेवा, व्हॅल्यूच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि वजा टाकलं की ती डिलीट होते.