म्हणे, हिशेब मिटला

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड पडला. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा विषारी कचरा जाळून झाला, चाळीस वर्षांचा कलंक पुसला, वगैरे. खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग. आमच्या एका बंधुराजांनी लिहिलं, 'चला, एकदाचा विषय संपला.' ग्रुपवर भांडले असते तर आईचा फोन आला असता, म्हणून इथे लिहितेय.

जाळला तो कचरा 337 टन. जानेवारी 2025 मध्ये रात्रीच्या वेळी 12 कंटेनरमधून मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला नेला. तिथले लोक रस्त्यावर उतरले, कारण दुसऱ्याचं विष आपल्या दारात कुणाला हवंय? खर्च 126 कोटी. दिले केंद्र सरकारने, म्हणजे तुम्ही आणि मी. ज्यांनी तो कचरा केला त्यांच्या खिशातून दमडी गेली नाही. आणि हा फक्त गोळा करून शेडमध्ये ठेवलेला माल. कारखाना चालू असतानाच आवारात पुरलेलं, बाहेरच्या तळ्यांत सोडलेलं जमिनीत मुरलं, ते तिथेच आहे. 2010 मध्ये नीरी आणि एनजीआरआय या सरकारी संशोधन संस्थांनी अंदाज दिला होता, दूषित माती 11 लाख टन. संपला म्हणे विषय.

आमची मोठी मावशी लग्न होऊन जुन्या भोपाळात गेली, स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. 2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री मिरच्या जाळल्यासारखा खाट उठला म्हणून सगळे उठले आणि वाट फुटेल तिकडे पळाले. ती सांगते, तोंडावर ओला कपडा धरा एवढं जरी कुणी आधी सांगून ठेवलं असतं! पण शेजारच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट नावाचं विषारी रसायन साठवलेलं आहे हेच वस्तीला ठाऊक नव्हतं. टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे 40 टन वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद. वायू जाळून टाकणाऱ्या टॉवरचा पाइपच काढलेला. याला अपघात म्हणायचं? मी नाही म्हणणार. पैसे वाचवायला कुणीतरी ठरवून केलेल्या गोष्टी आहेत या.

हो, सरकारचंही चुकलं. कारखान्याला खेटून वस्ती वाढू दिली, तपासणीकडे डोळेझाक केली, मान्य. पुढे जाऊ.

मावशीकडे एक कापडी पिशवी आहे. त्यात रेशनकार्ड, एक्स-रे, कडा फाटलेली औषधांची चिठ्ठीचपाटी आणि भरपाईच्या दावा न्यायालयाचे कागद. त्या रात्री तू भोपाळातच होतीस याचा पुरावा आण, असं तिला सांगितलं होतं. पुरावा आणायचा तिने! कंपनीने कुणाला काय पुरावा दिला? वायूने शरीरात नेमकं काय होतं याची कंपनीकडची माहिती डॉक्टरांना नीट मिळालीच नाही. मावशीची नोंद तात्पुरती इजा म्हणून झाली, बहुतेकांची तशीच झाली. भरपाई 25 हजार, त्यातूनही आधी अंतरिम मदत म्हणून दिलेले महिन्याचे दोनशे दोनशे वजा. पुढे 2004 नंतर उरलेल्या पैशातून आणखी एक हप्ता आला. ती तात्पुरती इजा आज तिला जिन्यावर दोनदा थांबवते.

आता दुसरे 25 हजार ऐका. कंपनीचा अध्यक्ष वॉरन अँडरसन 7 डिसेंबरला भोपाळला उतरला, अटक झाली, 25 हजारांच्या जामिनावर सुटला आणि सरकारी विमानाने दिल्लीला पोहोचला. परत आलाच नाही. 2014 मध्ये फ्लोरिडात वारला. त्याचा जामीन आणि मावशीची फुप्फुसं, भाव एकच.

सरकारने कंपनीकडे भरपाई मागितली होती 330 कोटी डॉलर. 1989 मध्ये तडजोड झाली 47 कोटी डॉलरवर, आणि ज्यांच्यासाठी ती झाली त्यांना कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये कंपनीचे सात भारतीय अधिकारी दोषी ठरले, दोन वर्षांची शिक्षा, त्याच दिवशी जामीन. 2023 मध्ये सरकारची वाढीव 7,844 कोटी रुपयांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायालयाने तेव्हा सरकारलाही खडसावलं, ते योग्यच होतं. पण त्या सगळ्यात कंपनी कुठे गेली?

कंपनीने 1994 मध्ये भारतातला हिस्सा विकला. 2001 मध्ये डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीने अख्खी युनियन कार्बाइडच विकत घेतली. अमेरिकेत कार्बाइडविरुद्ध अ‍ॅस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्यांचे दावे होते, त्यांच्यासाठी 220 कोटी डॉलर बाजूला काढले गेले. भोपाळचं नाव काढलं की, छे, आमचा संबंध नाही! समन्सवर समन्स गेल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये डाऊचे वकील भोपाळच्या कोर्टात उभे राहिले, तेही या कोर्टाला आमच्यावर अधिकारच नाही हे सांगायला.

कायद्याने प्रश्न गुंतागुंतीचा आहे, वकील मित्र लिहितीलच खाली. लिहा. पण गुंता नेमका पैसे द्यायच्या बाजूलाच का पडतो? श्रीराम कंपनीच्या वायुगळतीच्या खटल्यात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये सांगितलंय की धोकादायक उद्योग करणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण, सबबी चालणार नाहीत. मग ते भोपाळलाच का लागू होत नाही?

जरा शांत होते. मागच्या खेपेला मी मावशीला म्हटलं, तुझे कागद मी स्कॅन करून ठेवते. ती म्हणाली, 'ठेव गं, पण मूळ कागद मला परत दे.' अजून तिला वाटतं कुणीतरी मागेल. कारखान्याजवळच्या वस्त्यांत तर त्या रात्रीनंतर जन्मलेलेही बोअरचं दूषित पाणी पीत वाढले. त्यांना दाखवायला रेशनकार्डही नाही.

पिथमपूरला जाळलं त्यात चुना वगैरे मिसळल्यामुळे राखच कचऱ्याहून जास्त झाली, हेही त्या फॉरवर्डमध्ये नव्हतं. आता 11 लाख टन मातीचं बिल करा आणि डाऊला पाठवा. मुख्यालय मिडलंड, मिशिगन. बंधुराजांना पिन कोड हवा असेल तर तोही शोधून देते.